भारी हॉटेलातून उपाशी का परततो?

वाचकाचं पत्र

"आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगी 6 वर्षांची, राहायला बाणेरला. महिन्यातून एकदा गाजत असलेल्या नव्या ठिकाणी जेवायचं असं ठरवलंय. जागा रील्स बघून निवडतो, पण गेल्या तिन्ही वेळा फसलो. एकदा शनिवारी रात्री 9 चं बुकिंग होतं, पावणेदहाला टेबल मिळालं, मागवलेलं सगळं एकदम आलं आणि निम्मं गार झालं. एकदा रविवारी दुपारी 1 वाजता ब्रंचला गेलो, तर अंड्यावरचा सॉस फुटलेला आणि टोस्ट इतका कडक की टाळू सोलून निघाला. तिसरी जागा उघडून दोनच आठवडे झाले होते. कार्डावरचे चार पदार्थ 'आज नाहीत'. तिन्ही वेळा चार-पाच हजारांचं बिल आणि घरी येऊन दहीभात. आता सासू-सासऱ्यांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. त्यांना छान ठिकाणी न्यायचंय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासऱ्यांना मधुमेह आणि गुडघ्यांचा त्रास. डिनर करावं की ब्रंच? पुण्यातच, की मुंबईला न्यावं? आणि सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?"
– अ. कु., बाणेर

सल्ला

अ. कु., तुम्ही जागा निवडायला भरपूर वेळ घालवता, पण वेळ निवडत नाही, आणि तिन्ही वेळा तुम्हाला वेळेनंच फसवलंय. शनिवारी रात्री 9, रविवारी दुपारी 1 आणि उघडल्यानंतरचा दुसरा आठवडा, या कुठल्याही स्वयंपाकघराच्या सगळ्यात वाईट वेळा. त्याच जागी, त्याच आचाऱ्यांच्या हातचं बुधवारी संध्याकाळी साडेसातला खाल्लंत, तर तुमचं मत बदलण्याची बरीच शक्यता आहे.

शनिवारचं आधी बघू. चलतीच्या ठिकाणी शुक्रवार-शनिवारी एकेक टेबल दोनदा विकलं जातं. पहिली पंगत 7 ते साडेसातची, दुसरी 9 ते साडेनऊची, प्रत्येकीला दीड-दोन तास. पहिल्या पंगतीतलं कुणी कॉफी घेत रेंगाळलं की दुसऱ्या पंगतीतले दारात ताटकळणार. शिवाय 9 च्या सुमाराला पंधरा-वीस टेबलं एकदम भरतात आणि सगळ्यांच्या केओटी (वेटर आत पाठवतो त्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) एकदम पडतात. त्यात स्मॉल प्लेट्सच्या (वाटून खायच्या छोट्या पदार्थांच्या) ठिकाणची रीतच अशी, की जे तयार होईल ते बाहेर पाठवायचं. तुम्ही सहा पदार्थ एका दमात सांगितलेत, तर तंदूर मोकळा असेल तो पदार्थ आधी, तळणीवर रांग असेल तो शेवटी, आणि बाकीचे चार एकाच ट्रेमधून. डिमसम वाफेतून काढल्यावर पाचेक मिनिटांत कडेला चिवट होतो, टेम्पुरा (जपानी पद्धतीची भजी) त्याच्याही आधी मऊ पडतो. म्हणून मंगळवार ते गुरुवार, पहिली पंगत. सोमवार टाळा. अनेक ठिकाणी मुख्य शेफची सुट्टी त्या दिवशी असते आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत संपलेला ताजा माल पूर्ण भरलेला नसतो.

नव्या जागेला निदान सहा ते आठ आठवडे द्या. सुरुवातीला कार्डावर हौसेनं साठ पदार्थ छापलेले असतात, त्यातले कुठले खपतात आणि कुठले अंगाशी येतात हे कळायला महिना जातो. पुरवठादार बदलतात, भरती केलेल्यांपैकी काही मुलं सोडून जातात, नव्या भट्टीचा कुठला कोपरा जास्त तापतो ते आचाऱ्याला उमजायचं असतं. तुमचे चार पदार्थ 'आज नाहीत' होते ते बहुधा यामुळेच. दोनेक महिन्यांनी कार्ड आटोपशीर होतं, हात बसलेला असतो. पहिल्या महिन्यातली रील्स मात्र बहुतेक निमंत्रितांची असतात. त्यांना फुकट वाढलेलं असतं आणि मॅनेजर जातीनं शेजारी उभा असतो. त्यावरून तुमच्या ताटात काय पडेल, ते कळत नाही.

मग बघायचं काय? गूगलवरची परीक्षणं 'नवीन आधी' अशी लावून घ्या आणि तीन तारेवाली वाचा. पाच तारेवाल्यांत कर्मचाऱ्यांची नावं घेऊन कौतुक असतं (ते बरेचदा मागून घेतलेलं असतं), एक तारेवाल्यांत राग असतो. तीन तारेवाला माणूस काय बरं होतं आणि काय नव्हतं, ते नेमकं लिहितो. त्यानंतर गिऱ्हाइकांनी काढलेले मेनूचे फोटो बघा. एकाच कार्डावर सुशी, पिझ्झा, बिर्याणी, टाको आणि चाट असं सगळं असेल, तर फ्रीजरचा आणि तयार सॉसच्या डब्यांचा आधार घेतल्याशिवाय ते स्वयंपाकघर चालणार नाही. पंचवीस ते पस्तीस पदार्थांचं कार्ड, त्यात दोन-तीन भाज्या त्या-त्या ऋतूतल्या, हे चांगलं लक्षण. आणि 'ट्रफल' (एक महागडी, सुगंधी अळंबी) हा शब्द दिसला की किंमत बघून मगच पुढे वाचा. फ्राइजवर शिंपडलेल्या ट्रफल तेलात बहुतेक वेळा ट्रफल नसतोच, प्रयोगशाळेत बनवलेला वास असतो. त्या वासासाठी बटाट्याला शंभर-दीडशे जास्त मोजायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही मोजणार नाही.

आता सासू-सासऱ्यांचं. त्यांच्यासाठी डिनर, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, साडेसातला. ब्रंच नको म्हणण्याला कारणं आहेत. पंचतारांकित हॉटेलातला रविवारचा ब्रंच म्हणजे माणशी ठरलेल्या दराचा बुफे. त्या दरात सी-फूड, कबाब, अंड्यांचे काउंटर सगळं धरलेलं असतं. सासूबाई त्यातल्या निम्म्या काउंटरकडे फिरकणारही नाहीत, पैसे मात्र पूर्ण. सासऱ्यांना प्रत्येक पदार्थासाठी उठून चालावं लागेल, आणि गोडाचं टेबल मधुमेह असलेल्या माणसासमोर तीन तास मांडलेलं राहील. कॅफेतला कार्डावरचा ब्रंच तर अंड्याचाच खेळ असतो. पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, ब्रिओश या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींतही अंडं असतं. सासूबाईंच्या वाट्याला टोस्ट आणि फळं येतील. ब्रंच तुम्ही दोघं करा, त्याचं पुढे सांगतो.

समारंभासाठी अगदी नवी जागा घेऊ नका. दोन-तीन वर्षं टिकलेली आणि अजून भरलेली असलेली घ्या. कोरेगाव पार्कात 1997 पासून चालू असलेलं मलाका स्पाइससारखं ठिकाण रीलवर कमी दिसेल, पण इतकी वर्षं टिकायला रोज रात्री ताट बरं जावं लागतं. तिथलं जेवण आग्नेय आशियाई पद्धतीचं असल्यामुळे सासूबाईंसाठी विचारपूस जास्त करावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

बुकिंग अॅपवर केलंत तरी एक फोन करा, आणि तो दुपारी 4 ते 6 च्या दरम्यान करा. दुपारचं जेवण आवरलेलं असतं, रात्रीचं सुरू व्हायचं असतं, मॅनेजरला बोलायला सवड असते. फोन असा व्हावा:

"बुधवारी साडेसात, चार मोठे आणि एक लहान मूल. टेबल आमच्याकडे किती वाजेपर्यंत आहे?"

"साडेनऊपर्यंत, मॅडम."

"बरोबर गुडघ्यांचा त्रास असलेले आजोबा आहेत. पाठ टेकायची साधी खुर्ची हवी. उंच स्टूल नको, खोल सोफाही नको. टेबल त्याच मजल्यावर आहे ना जिथं टॉयलेट आहे? पायऱ्या किती?"

"मधे चार पायऱ्या आहेत."

"मग पायऱ्यांच्या अलीकडचं टेबल द्या. स्पीकरखालचं नको, बारला लागून नको. आणि एक जण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. कुठले पदार्थ तसे करून देता येतील, ते किचनला विचारून मला व्हॉट्सअॅपवर पाठवाल का?"

शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी जागा तुमची. "सगळं होईल मॅडम, या तुम्ही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. खोल सोफ्याचं गंमत म्हणून सांगत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता येतं, उठता येत नाही, आणि टेबल छातीशी येतं. गच्चीवरची जागा असेल तर लिफ्ट थेट वर जाते का आणि बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हेही विचारा. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या रेस्तराँच्या आगीत 14 जण गेले, त्यातले कित्येक टॉयलेटमध्ये अडकून गुदमरले. आत शिरल्यावर जिना कुठं आहे ते एकदा नजरेखालून घालायला दहा सेकंद लागतात.

अॅपवरच्या सवलतीचं थोडक्यात: डिस्ट्रिक्ट, स्विगी डाइनआउट, ईझीडायनर यांच्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि लवकरच्या वेळेला सवलत जास्त असते, म्हणजे आपल्या सोयीचंच. पण ती बुफेला, सेट मेनूला किंवा दारूला लागू नसते असं बरेचदा होतं, आणि काही ठिकाणी तुम्ही गेलाच नाहीत तर आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ऑर्डर देण्याआधी मॅनेजरला अॅप दाखवून 'हे चालतंय ना' एवढं विचारून घ्या. बिल आल्यावर विचारलं तर वाद होतो.

ऑर्डर किती द्यायची, इथंच तुमचं दहीभाताचं कोडं सुटतं. लहान प्लेटमध्ये साधारण तीन-चार नग असतात, आणि ती एका माणसाच्या पोटाची नसतेच. नुसत्या स्मॉल प्लेट्सवर जेवायचं तर माणशी अडीच-तीन लागतात. घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन तसं जेवू नका. त्यांना शेवटी भात किंवा पोळीच्या जातीचं काहीतरी पुढ्यात यायला हवं, नाहीतर जेवल्यासारखं वाटत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुमच्या टेबलासाठी हिशेब असा ठेवा: सहा लहान प्लेट्स, त्यातल्या निदान चार सासूबाईंना चालणाऱ्या; दोन मोठे पदार्थ; एक भाताचा किंवा ब्रेडचा; गोड दोन, त्यातलं एक बिनअंड्याचं. मुलीचा साधा पास्ता किंवा तिला आवडेल ते बसल्या बसल्या सांगा आणि "हे लगेच पाठवा" असं म्हणा. उपाशी मूल आणि 25 मिनिटांची वाट हे जमत नाही.

सहाच्या सहा प्लेट्स एकदम सांगायच्या नाहीत. ऑर्डर घ्यायला येणाऱ्या कॅप्टनला सांगायचं, "आधी हे तीन आणा. ते संपत आले की पुढचे तीन. मोठे पदार्थ आम्ही सांगू तेव्हा लावा." त्याच वेळी प्रत्येक प्लेटमध्ये नग किती ते विचारायचं. तीन नग असतील आणि खाणारे चार, तर चौथा वाढवून देता का विचारा. बऱ्याच ठिकाणी त्या प्रमाणात पैसे लावून देतात. मोठे पदार्थ मात्र विसरून शेवटी सांगू नका. रिसोटोला (इटालियन पद्धतीचा भात) ताजा केला तर 18 ते 20 मिनिटं लागतात, आणि टेबल साडेनऊपर्यंतच आहे. पुढच्या तीन प्लेट्स अर्ध्या झाल्या की मोठ्यांची ऑर्डर गेली पाहिजे.

दोन पदार्थांबद्दल सासू-सासऱ्यांना आधीच कल्पना द्या, म्हणजे टेबलावर "कच्चं राहिलंय" हा शब्द येणार नाही. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा 430 ते 480 अंश सेल्सिअसच्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत होतो. कडा फुगून काळे ठिपके पडतात आणि मधला भाग ओलसर, लवचिक राहतो. तो तसाच असतो. आवडत नसेल तर सांगताना "मधून जास्त भाजा" म्हणायचं. रिसोटोतल्या तांदळाला आत किंचित कणी ठेवतात, तीही मुद्दाम. आपल्या मऊ भाताची सवय असलेल्या दातांना ती बोचते. सासऱ्यांना रिसोटोपेक्षा साधा भात आणि त्यावरची करी जास्त रुचेल.

सासूबाईंचा प्रश्न नाजूक आहे, कारण कार्डावरचा हिरवा ठिपका इमानदारीनं लावलेला असला तरी आत नजरचूक होते. 'शाकाहारी आहे ना?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येतं. घटकाचं नाव घेऊन विचारा. थाई करीच्या वाटणात सुकट आहे का? फिश सॉस, ऑयस्टर सॉस कुठं वापरता? मिसो सूपचं पाणी मासळीच्या दाशीचं (जपानी साराचं) आहे का? किमचीत मासळी आहे का? सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी ही छोटी मासळी असते. अस्सल इटालियन पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरलेलं असतं, तो त्या चीजचा नियमच आहे. भारतात बनलेली चीज बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची असतात. त्यामुळे कुठलं चीज आहे हे विचारण्यात अर्थ आहे. अंड्याच्या बाबतीत ताज्या पास्त्यात अंडं असतं, रव्याच्या सुक्या पास्त्यात बहुधा नसतं. मेयोनीझ, आयोली, तिरामिसू, ब्रिओशचा बन, कुठे कुठे बनवरचा चकाकणारा लेप, या सगळ्यांत अंडं. पन्ना कोटा आणि मूसमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असू शकतं, तेही त्यांना चालणार नाही. यादी मोठी वाटेल, पण फोनवर एकदा विचारून घेतलीत तर त्या दिवशी टेबलावर सासूबाईंची चौकशी सगळ्यांसमोर होणार नाही. बऱ्याच बायकांना तीच नको असते आणि मग त्या "मला भूक नाही" म्हणतात.

सासऱ्यांसाठी पेयापासूनच लक्ष द्या. मॉकटेलमध्ये साखरेचा पाक साधारण 30 मिलिलिटर जातो, म्हणजे 15 ते 18 ग्रॅम साखर, चारेक चमचे, आणि हे जेवणाआधी. "सिरप घालू नका, वेगळं द्या" असं सांगता येतं. लिंबू, पुदिना आणि सोडा एवढ्यावर चांगलं पेय होतं. जेवणाआधी घ्यायचं इन्सुलिन किंवा गोळी असेल, तर खुर्चीत बसल्या बसल्या घेऊन टाकू नये. पहिली प्लेट यायला 20 ते 30 मिनिटं सहज जातात आणि साखर उतरण्याचा धोका असतो. त्या दिवशी वेळ कशी सांभाळायची, ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि मुलीसाठी एक: धूर निघणारं पेय किंवा गोड आलं की धूर पूर्ण थांबेपर्यंत हात लावू देऊ नका, तळाशी उरलेला तुकडा तोंडात तर मुळीच नाही. तो धूर बहुधा ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) असतो, आणि ड्राय आइस उणे 78 अंशांचा असतो. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत माउथ फ्रेशनर म्हणून तो दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावं लागलं.

मुंबईला न्यायचं का? डिनरला नाही. बाणेरहून एकेक वाट तीन-चार तासांची, परतीला मध्यरात्र, आणि गाडीत दुखरे गुडघे. न्यायचंच असेल तर दुपारच्या जेवणाला न्या आणि मुक्काम करा. कमला मिल्समधलं, 2015 पासूनचं बॉम्बे कँटीन भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण नव्या ढंगानं वाढतं. चवी ओळखीच्या असल्यामुळे मोठ्यांना परकं वाटत नाही. बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) ओ पेड्रो गोव्याच्या जेवणाचं, पण शाकाहारी माणसाला तिथं निवड कमी पडेल. महालक्ष्मीचं मास्क 2016 पासून आहे, आशियातल्या उत्तम 50 रेस्तराँच्या यादीत अनेकदा आलंय, आणि तिथं ठरलेलाच, एकामागून एक छोटे पदार्थ येत जाणारा मेनू असतो. अडीच-तीन तासांची ती बैठक सासऱ्यांच्या वाट्याला नको. ती तुम्ही दोघं कधीतरी स्वतंत्र करा, आदल्या दिवशी कमी जेवून.

आता तुमचा ब्रंच. एग्ज बेनेडिक्टवर (पावावर ठेवलेल्या पोच, म्हणजे कवच काढून पाण्यात शिजवलेल्या अंड्यांवर) असतो तो हॉलंडेज सॉस म्हणजे अंड्याचा बलक, वितळवलेलं लोणी आणि लिंबू यांचं जमवून आणलेलं मिश्रण. फार तापला तर बलक शिजून कण होतात, गार झाला तर लोणी आळतं. दोन्ही वेळा सॉस फुटतो. तो सकाळी एकदा करतात आणि कोमट जागी ठेवतात. दुपारी 1 ला तुम्हाला आला, तो सकाळच्या पातेल्याचा तळ होता. कॅफे उघडतं त्या पहिल्या तासात जा, साडेनऊ-दहाला. त्या वेळेला सॉस ताजा, पोच केलेलं अंडंही नुकतं केलेलं. अंडी आधी पोच करून बर्फाच्या पाण्यात ठेवायची आणि वाढताना गरम करायची, ही रीत सगळीकडे आहे, त्यात वावगं नाही. फक्त ती निथळलेली हवीत. ताटात पाण्याचं थारोळं आणि खाली ओला गिच्च टोस्ट दिसला, तर बदलून मागा; दोन मिनिटांचं काम आहे. टर्किश एग्जमध्ये दही फ्रीजमधून थेट आलं की वरचं गरम अंडं दोन घासांत गार होतं, म्हणून सांगताना "दही थंड नको" म्हणा. सावरडो (आंबवलेल्या पिठाचा पाव) टोस्टची कड मुळातच कडक असते, आणि कालचा पाव असेल तर टोस्ट केल्यावर ती टाळूला लागतेच. "हलका टोस्ट करा आणि कडा काढा" हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. जाड फ्रेंच टोस्ट घाईत केला की आत ओला राहतो. सुरीनं मधोमध कापून बघा आणि मग मेपल सिरप ओता, आधी ओतलंत तर परत पाठवता येत नाही.

बुफेच गाठायचा असेल तर दार उघडायच्या वेळेला जा. आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारून काय काय आहे ते बघा. ब्रेड, पिझ्झा, नूडल्स शेवटी. समोर करून देणारे काउंटर आधी. सी-फूड बर्फावर आहे ना, आणि झाकण उघडल्यावर वाफ निघतेय ना, एवढं पाहा. गरम अन्न निदान 60 अंशांवर आणि थंड 5 अंशांच्या आत ठेवायचं असतं. कोमट कबाब आणि कोमट सुशी दोन्ही सोडून द्या. शेवटच्या अर्ध्या तासात भांडी भरणं थांबतं.

दर बघताना '3,000++' अशी खूण दिसली तर ती वरवर घेऊ नका. एक अधिक सर्व्हिस चार्जचा, दुसरा कराचा. 10 टक्के चार्ज धरून 3,300, त्यावर महागड्या खोल्यांच्या हॉटेलात 18 टक्के जीएसटी, म्हणजे 594. एका माणसाचे 3,894 झाले. बाहेरच्या साध्या रेस्तराँत जीएसटी 5 टक्के. दारूवर जीएसटी लागत नाही, तिथं राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून ती ओळ बिलात स्वतंत्र असते.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानंही वसूल करायचा नाही. हॉटेल संघटनांनी त्यावर स्थगिती मिळवली होती, पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्या सूचना वैध ठरवल्या. संघटना अपिलात गेल्या. तुमच्या पाच जणांच्या जेवणाचे 6,000 धरले, तर 10 टक्के चार्जचे 600 आणि त्या चार्जवरही 5 टक्के जीएसटी, एकूण 6,930. चार्ज काढला तर 6,300. बिल आल्यावर शांतपणे "हा काढून नवीन बिल द्या" म्हणा. बहुतेक जण मुकाट्यानं काढतात. नाहीच काढला तर बिलाचा फोटो घ्या, पैसे भरा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आनंदाच्या दिवशी दारात भांडत बसू नका. मुलांनी मनापासून वाढलं असेल तर टीप रोख, थेट त्यांच्या हातात. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावलं तर मात्र काही करता येत नाही. हॉटेलात बसून पिण्यासाठी ते आकारता येतं असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय. बसल्यावर लगेच "साधं फिल्टरचं पाणी" मागा, नाहीतर बाटली न विचारता उघडली जाते.

राहिला केक. बाहेरून आणलेला केक कापू देण्याचे काही ठिकाणी पैसे घेतात, काही ठिकाणी आणूच देत नाहीत. त्याच 4 ते 6 च्या फोनवर विचारा. आणायचा झाला तर अर्धा किलोचा पुरे, बिनअंड्याचा, आणि दुपारीच नेऊन त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या, डब्यावर नाव आणि टेबलाची वेळ लिहून.